चौथा हिस्सा

हाउन्सलोच्या त्या गल्लीत बोलता बोलता थांबायची एक रीत होती. डोक्यावर विमान आलं, की जो बोलत असेल त्याने वाक्य तसंच हवेत धरून ठेवायचं आणि विमान पुढे उतरलं की उरलेलं वाक्य सोडायचं. प्रमोदिनीबाई खांबेटे तिथे पंचवीस वर्षं राहत होत्या. आपली निम्मी भांडणं या विमानांनीच मिटवली, असं त्यांचे यजमान शशिधर सगळ्यांना सांगायचे.

"आणि उरलेली निम्मी?" कोणी विचारलंच तर म्हणायचे, "ती हिने. भांडण ऐन रंगात आलं की म्हणते, 'जाऊ दे, बरं आहे.' माणसाने भांडायचं तरी कोणाशी?"

'बरं आहे' हे प्रमोदिनीबाईंचं सगळ्यावरचं उत्तर. ताप असो, पाय मुरगळलेला असो, बॉयलर बंद पडून घर गारठलेलं असो, कोणी विचारलं की 'बरं आहे'. आपलं दुखणं दुसऱ्याच्या ताटात वाढायचं नसतं, अशी त्यांची समजूत. आईनेही हेच केलेलं, आजीनेही.

विमानतळाजवळच्या एका कारखान्यात विमानातल्या जेवणाचे ट्रे भरायचं काम त्या करायच्या. ब्रेडचा रोल डावीकडे, लोणी त्याच्या डोक्याशी, चमचे-काटे उजव्या हाताला. पण हाउन्सलोपासून पार साउथहॅम्प्टनपर्यंतच्या मराठी घरांत त्यांचं नाव होतं ते वेगळ्या कामासाठी, गव्हल्यांसाठी. दुधात घट्ट भिजवलेल्या रव्याची बारीकशी गोळी चिमटीत धरायची आणि अंगठ्याखाली अशी फिरवायची, की दोन्ही टोकांना निमुळता, तांदळाएवढा दाणा खाली पडला पाहिजे. लग्नाच्या खिरीला आणि रुखवताला हे लागतंच. प्रमोदिनीबाई टीव्हीवरची मालिका बघत मांडीवर परात घेऊन बसायच्या. मालिका संपेस्तोवर परातीचा तळ झाकलेला असायचा, आणि हाताकडे त्यांनी एकदाही पाहिलेलं नसायचं.

शहाण्णव सालच्या नोव्हेंबरात कारखान्यातल्या एका ट्रॉलीचा ब्रेक निसटला. भरलेली ट्रॉली उतारावरून आली आणि पोलादी दाराच्या चौकटीवर प्रमोदिनीबाईंचा उजवा अंगठा चिरडला. ब्रेक खराब असल्याचं सगळ्यांना माहीत होतं. ऑपरेशन झालं, प्लास्टर निघालं, अंगठा जागेवर राहिला, पण बुडाशी आखडलेला. कंपनीच्या विमावाल्यांनी कळवलं, ट्रॉली बाईंनीच नीट लावली नव्हती. चूक त्यांची.

"आता सांगा 'बरं आहे'," शशिधर म्हणाले.

पण या वेळी ते स्वतःच वकील शोधायला निघाले. सरकारी मदतीवर वकील मिळण्याइतके हे गरीब नव्हते आणि स्वतःच्या खिशातून वकील लावण्याइतके श्रीमंत नव्हते. युनियनने वकील दिला असता, पण प्रमोदिनीबाई युनियनच्या मेंबर नव्हत्या. शशिधरांनी त्यावरही एक टोमणा मारून घेतला. मग शैलाचा फोन आला. शैला म्हणजे मराठी मंडळातली जुनी मैत्रीण. "अगं, आमची मीनल करते ना हेच काम! नवीन पद्धत आली आहे. जिंकलो तर फी, हरलो तर काही नाही."

शैलाची ही मुलगी, मीनल, जानेवारीतल्या एका संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी येऊन बसली. काळा सूट, गळ्यात चष्म्याची दोरी. बारशाच्या दिवशी प्रमोदिनीबाईंच्या मांडीवर रडून रडून झोपलेली ती हीच, हे आता कोणाला पटलं नसतं.

"मावशी, आधी सगळं ऐका. साइन नंतर."

"तू सांगतेस म्हणजे बरोबरच असणार. आण तो कागद."

"नो, नो! असं नाही चालत. मला एक्सप्लेन करायला लागतंच." मीनलने बोटं पुढे धरली. तिचं मराठी घाईत असलं की कुठेतरी ठेचकाळायचं, पण थांबायचं नाही. "आपण हरलो, तर माझ्या फर्मला काही नाही. झीरो. त्यांच्या वकिलाचा खर्च तुमच्या डोक्यावर नको म्हणून एक छोटा इन्शुरन्स आत्ता काढायचा. आणि जिंकलो, तर आमचा नेहमीचा फी समोरचे लोक देणार. ओके? पण त्याच्यावर एक सक्सेस फी असते. ती तुमच्या पैशातून."

"किती?"

"केस किती रिस्की आहे त्याच्यावर आहे. पण तुम्हाला जे मिळेल त्याच्या क्वार्टरच्या वर कधीच नाही."

प्रमोदिनीबाईंनी आपल्या हाताकडे पाहिलं. "म्हणजे माझ्या अंगठ्याचा चौथा हिस्सा तुझा?"

नेमकं तेव्हाच विमान आलं. टेबलावरचे कप किणकिणले. मीनल तोंड अर्धवट उघडून बसली, प्रमोदिनीबाई तिच्याकडे बघत राहिल्या, आणि ते विमान त्या दिवशी अंमळ सावकाशच गेलं.

"नख तिचं," शशिधर खुर्चीतून म्हणाले, "बाकीचा तुझा. चांगला सौदा आहे."

"काका, प्लीज! मावशी, असं नका ना बोलू."

"अगं, गंमत केली. बरं आहे, कुठे करू सही?"

सही डाव्या हाताने झाली, वाकडीतिकडी. पण मनात मात्र ती गोष्ट घर करून बसली. पैसे जाण्याचं त्यांना एवढं नव्हतं. मीनलच्या बारशाला चांदीचा वाळा दिला होता, तेव्हा त्यांनी दोनदा विचार केला नव्हता. पण द्यायचं ते आपल्या हाताने. दुसऱ्याने आधीच हिस्सा ठरवून काढून घ्यायचा, आणि तोही आपल्याच मांडीवर वाढलेल्या पोरीने?

शैलालाही ते टोचत असावं. एक दिवस फोनवर म्हणाली, "मी तिला सांगते गं, मावशीकडून घेऊ नकोस म्हणून."

प्रमोदिनीबाईंना हवं होतं नेमकं तेच. पण दुसऱ्याच्या तोंडून ऐकल्यावर ते काहीतरी उष्टं वाढल्यासारखं वाटलं. "काही सांगू नकोस," त्या म्हणाल्या आणि मग दिवसभर स्वतःवरच चिडून राहिल्या.

उन्हाळ्यात तपासणीचा दिवस आला. कोर्टासाठी रिपोर्ट लिहिणारा हाडांचा डॉक्टर हवा होता, आणि मीनलने मुद्दाम साउथहॅम्प्टनचे डॉ. माधव रायरीकर शोधून काढले. "मराठी आहेत, मावशी! तुम्ही मोकळं बोलू शकाल. फी फर्म देतं, तुम्ही टेन्शन नका घेऊ."

मोकळं बोलणं राहिलं बाजूला. प्रमोदिनीबाईंनी जाताना बेसनाचे लाडू नेले. शशिधर गाडी लावायला जागा शोधत फिरत राहिले आणि त्या एकट्याच आत गेल्या. खोलीत सदऱ्याच्या बाह्या दुमडलेले, पिकल्या केसांचे, आपल्यातले दिसणारे एक गृहस्थ उभे राहून म्हणाले, "या, बसा. प्रवासाचा त्रास नाही ना झाला?" झालं. त्या क्षणी तो दवाखाना राहिला नाही, कोणाचं तरी घर झालं आणि प्रमोदिनीबाई पाहुण्या झाल्या.

"कसा आहे आता हात?"

"बरा आहे."

"दुखतो का?"

"असं काही नाही हो. चालायचंच."

"घरातली कामं करता येतात?"

"करते की सगळी."

डॉक्टरांनी अंगठा वाकवून पाहिला, मोजला, दाबला. दाबल्यावर प्रमोदिनीबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं तेव्हा बाईंनीच विषय बदलला, "तुमचं गाव कुठलं?"

रिपोर्ट ऑक्टोबरात आला. शनिवारी मीनल तो घेऊन आली, या वेळी सूट नव्हता, जुना स्वेटर होता. आधी तिने चहा घेतला. मग इंग्रजी वाक्य मराठीत करून वाचलं. "सांध्यात थोडा कडकपणा. पेशंट म्हणते, दुखत नाही. पेशंट म्हणते, घरकाम करायला काही प्रॉब्लेम नाही." तिने कागद खाली ठेवला. "मावशी, हे आपलाच डॉक्टर आहे. आपल्या बाजूचा."

"चांगले होते गं गृहस्थ."

"चांगले होते!" मीनलने दोन्ही हातांनी कपाळ धरलं. "मी मराठी डॉक्टर दिला कारण मला वाटलं, तुम्ही खरं बोलाल. मीच मूर्ख."

"इंग्रज असता तर सांगितलं असतं," प्रमोदिनीबाई हळूच म्हणाल्या. "त्याला काय, एवीतेवी आपण परकेच. घरच्या माणसापुढे कसं रडायचं?"

शशिधर हसायच्या बेतात होते. मीनलचा चेहरा पाहून थांबले.

"विमावाल्यांनी थोडेसे पैसे देऊ केलेत," मीनल म्हणाली. "अगदी थोडेसे, गप्प बसा म्हणून. बॉस म्हणतो, घ्या आणि फाइल बंद कर. नाहीतर कोर्टात जाऊ आणि हरू. हरलो तर वर्षभराचं माझं काम, डॉक्टरांची फी, सगळं पाण्यात. बॉसला ते चालणार नाही, कारण गेल्या वर्षी मी एक हरले."

"कोणाची?"

"शिडीवरून पडलेला एक माणूस. दीड वर्ष काम केलं. खरंच पडला होता, मावशी, पण साक्षीदार उलटला."

"मग त्या कामाचे पैसे कोणी दिले?"

मीनल जरा अडखळली. "जिंकलेल्यांनी. त्यांच्या सक्सेस फीमधून."

"म्हणजे उद्या मी जिंकले तर त्या शिडीवाल्याचे मी दिले?"

"थोडेसे. हो."

"मला कोणी विचारलं?"

उत्तर शशिधरांनी दिलं, आणि नेहमीच्या थट्टेच्या सुरात नाही. "नाटकाची तिकिटं विकतेस ना मंडळात? हॉल अर्धा रिकामा राहिला तरी हॉलचं भाडं पूर्णच जातं. मग तिकीट थोडं चढं लावता की नाही? येणारा न येणाऱ्याच्या खुर्चीचे देतोच."

"नाटकाला येणारा हौसेने येतो," प्रमोदिनीबाई म्हणाल्या. "मी काही हौसेने अंगठा घातला नाही दारात."

"खरं आहे," मीनल म्हणाली. "मला पण ते कधीकधी फेअर वाटत नाही. पण हे नसतं, तर तो शिडीवाला कोणाकडे गेला असता? तुम्ही कोणाकडे गेला असता?"

मीनलने वही उघडली, पेनाचं टोपण काढलं. "आता मला सांगा. मी डॉक्टरांना परत लिहू शकते, परत तपासा म्हणून. पण आधी मला खरं पाहिजे. हात कसा आहे?"

"बरा आहे."

मीनलने पेनाला टोपण लावलं. अगदी शांतपणे. "ओके. मग केस नाही. थोडेसे पैसे घ्या." आणि उठता उठता, जणू आता कामाचं बोलणं संपलं म्हणून, म्हणाली, "आई विचारत होती, मेमधल्या माझ्या लग्नाचे गव्हले कधी करायला घेणार?"

"झाले की," प्रमोदिनीबाई घाईघाईने म्हणाल्या. "डबा भरून ठेवलाय वर."

"दाखव की तिला," शशिधर म्हणाले.

"अहो!"

"दाखव. काढ तो डबा."

"तुम्ही गप्प बसा!"

शशिधर उठले, कपाटाच्या वरच्या फळीवरून स्टीलचा डबा काढून त्यांनी मीनलपुढे ठेवला. आत प्लॅस्टिकची पिशवी, आणि पिशवीवर पुण्यातल्या दुकानाचं लेबल. सगळे दाणे एकसारखे, गुळगुळीत, यंत्रातून पडल्यासारखे.

"माझ्या वहिनीने पाठवलेत," शशिधर म्हणाले. "ही लेबल काढून तुला देणार होती. आणि हे..." त्यांनी दुसरी वाटी काढली. तिच्यात कुठे वाटाण्याएवढे, कुठे चपटे, कुठे नुसतेच तुटलेले रव्याचे तुकडे. "हे ती दुपारी करते. मी बागेत असतो तेव्हा. मग पुरून टाकते कचऱ्यात. मला काय दिसत नाही?"

पुन्हा एक विमान आलं. या वेळी कोणाला वाक्य धरून ठेवायचं नव्हतं. ते गेलं तेव्हा प्रमोदिनीबाई पदराने डोळे टिपत होत्या.

"चिमटीत काही राहत नाही गं," त्या म्हणाल्या. "सुई नाही, बटण नाही. कुकरची शिट्टी डाव्या हाताने काढते. रात्री अंगठा असा ठणकतो की उशीखाली दाबून झोपते. आणि हे... हे तर माझं होतं. एवढं एकच माझं होतं."

मीनलने पेनाचं टोपण काढलं नाही. आधी खुर्ची सरकवली आणि मावशीच्या शेजारी जाऊन बसली. लिहिणं बऱ्याच वेळाने झालं.

साउथहॅम्प्टनला परत गेल्या त्या वेळी लाडू नव्हते. पर्समध्ये एक छोटी डबी होती, तिच्यात ओल्या फडक्यात गुंडाळलेला भिजवलेला रवा. मीनलने सांगितलं होतं, "नाटक नाही करायचं मावशी, फक्त जे होतं ते होऊ द्यायचं." डॉक्टरांनी पुन्हा उठून "या" म्हटलं, प्रवासाचं विचारलं.

"डॉक्टर, मी मागच्या वेळी तुम्हाला खोटं सांगितलं," प्रमोदिनीबाई उभ्याउभ्याच म्हणाल्या. बसल्या असत्या तर पुन्हा पाहुण्या झाल्या असत्या. "हे बघा."

त्यांनी गोळी चिमटीत धरली. अंगठा फिरवला. गोळी निसटून टेबलाखाली गेली. दुसरी घेतली. ती चेपली. तिसरीला कपाळावर घाम आला. डॉक्टर 'असू दे' म्हणाले नाहीत. टेबलाखाली वाकून त्यांनी पहिली गोळी उचलली आणि कागदावर ठेवली. मग विचारलं, "आधी किती वेळात करायचात?"

"बघायला लागायचं नाही," प्रमोदिनीबाई म्हणाल्या.

तेवढंच डॉक्टरांनी रिपोर्टात लिहिलं, त्यांच्या इंग्रजीत. ब्रेक आधीपासून खराब होता, हे कारखान्यातल्या एका सहकारी बाईनेही लिहून दिलं. फेब्रुवारीत विमावाले कोर्टाच्या दारापर्यंत न जाताच तयार झाले. रक्कम चांगली होती. डोळे दिपण्यासारखी नव्हे, पण आता ट्रे भरायला जायला लागणार नाही एवढी.

मीनल हिशोबाचं पत्र घेऊन स्वतः आली. ती काही बोलायच्या आधीच तिच्या मानेवर लाल चट्टे उठले होते. "मावशी, चौथा हिस्सा कापलाय. मी बॉसशी भांडले. म्हटलं, शेवटी केस सोपा झाला. तो म्हणाला, सुरुवातीला जेवढा धोका होता त्याच्यावर ठरतं, नंतर बदलत नाही. आणि..." ती थोडी हसली, "आणि म्हणाला, मधे धोका वाढवला तो क्लायंटनेच."

शशिधर खो खो हसले. "बॉस हुशार आहे. बायकोला ओळखतो माझ्या."

"मी माझ्या पगारातून परत देते तुम्हाला. आईला पण मी..."

"अजिबात नाही." प्रमोदिनीबाईंचा आवाज कधी नव्हे तो चढला. "तुझं काम तू केलंस. मी घरच्या मुलीला दिलं म्हणायचं आणि मनात धरायचं, असं नको आता. मनात धरून धरून हात आखडतो." मग नेहमीपेक्षा सावकाश, "पण एक सांगू? हा चौथा हिस्सा चुकीच्या खिशातून जातोय. ट्रॉली त्यांची, ब्रेक त्यांचा, खोटं बोलले ते. मग तुझ्या हरायच्या भयाचे पैसे पण त्यांनीच भरावेत ना. माझ्या अंगठ्यातून का?"

"कायदा तसा नाही, मावशी."

"मग बदला. तुम्ही शिकलेल्या पोरी."

मीनलने ते हसण्यावारी नेलं नाही. पत्राच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मावशीचं ते वाक्य खरडलं आणि पत्र पर्समध्ये ठेवलं. न्याय्य की अन्याय्य, हे त्या टेबलावर ठरलं नाही. त्या रात्री प्रमोदिनीबाईंनी शशिधरांना विचारलं, "तो शिडीवाला आता काय करत असेल हो?" शशिधरांना ठाऊक नव्हतं. "पण माझे पैसे त्याच्या वाट्याला गेले असतील, तर एका परीने ओळखच झाली की आमची," त्या म्हणाल्या. पुढे मग ज्या दिवशी पैशाची आठवण चावायची त्या दिवशी त्यांना तो माणूस आठवायचा. ज्या दिवशी चावायची नाही, त्या दिवशीही आठवायचा.

लग्नाआधी आठवडाभर मीनल येऊन परात घेऊन बसली. प्रमोदिनीबाई शेजारी, हात मांडीवर.

"अंगठा दाबू नकोस, नुसता फिरव. गाल पुसल्यासारखा."

"असा?"

"ही काय अळी केलीस?"

"मावशी!"

"असू दे. खिरीत शिजते अळी पण. घे, दुसरी कर."

रुखवतात शेवटी तीन वाट्या मांडल्या गेल्या. एका वाटीत पुण्याचे, लेबल न काढता. एका वाटीत मीनलचे, ओबडधोबड. आणि एका छोट्या वाटीत प्रमोदिनीबाईंचे, वाटाण्याएवढे, चेपलेले. ते मांडायचा हट्ट मीनलचा होता.

हॉलवर गर्दी उसळली होती. तेवढ्यात मंडळातल्या सुप्रभावहिनी लगबगीने समोरून आल्या, आणि सगळे विचारतात तसं, उत्तराची वाट न बघता, पुढे जाता जाता म्हणाल्या, "काय प्रमोदिनी, बरी आहेस ना? हात कसा आहे?"

वरून विमान येत होतं. प्रमोदिनीबाई ते जाईपर्यंत थांबल्या.

"नाही हो वहिनी, बरा नाही," त्या म्हणाल्या. "आज फार दुखतोय."

सुप्रभावहिनी चार पावलं पुढे गेलेल्या, तिथेच थबकल्या. मग मागे आल्या, एक खुर्ची ओढली, दुसरी ओढली. "बस इथे. सांग मला."

प्रमोदिनीबाई बसल्या आणि सांगायला लागल्या. शशिधर पन्ह्याचा पेला घेऊन मागे उभे होते. बराच वेळ ऐकून ते शेजारच्या माणसाला म्हणाले, "संपलं. आता हिला थांबवायला विमानसुद्धा पुरायचं नाही."